मागचे तीन स्क्रू

केणे सरांनी शाळेची दुर्बीण सहा वर्षं कपाटात ठेवली होती. नववीत मी हट्टच धरला. शेवटी सर म्हणाले, "मृणाली, एकदाच देतो. दिघाशीच्या मुलांना शनी दाखव. धड परत आली तर बाकीच्या गावांनाही जाईल. नाहीतर पुन्हा कपाट." मग नळीच्या मागचे तीन स्क्रू दाखवून त्यांनी बजावलं, "यांना हात लावायचा नाही. आरसा यांच्यावर तोललाय."

शनिवारी दौलतकाकांनी ओमनी काढली. काका लूमच्या कारखान्यात जॉबर. बंद पडलेला लूम त्यांचा हात लागला की चालू होतो, असं सगळे म्हणतात. ते पाना-पेचकस घेऊनच आले. "तो रस्ता सगळं सैल करतो गं. कसून घेऊ." स्टँडचे नट कसले. मग मागचे तीन स्क्रू. शेवटचा तर दात-ओठ खाऊन पिळला. मी बघत होते. तोंड उघडलंही होतं, पण बावीस वर्षं लूम दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? मिटलं.

मग मात्र मी नळी दोन गोधड्यांत गुंडाळली, मागच्या सीटवर निजवली, पट्ट्याने बांधली. काका हसले, "दुर्बीण आहे का बाळंतीण?" खड्डा आला की मी ओरडायचे, "हळू!"

दिघाशीच्या शाळेसमोर साडेसातला ही मोठी रांग! पहिली काशीमावशी, तिथली खिचडी शिजवणारी. डोळा लावला आणि म्हणाली, "गो पोरी, यो शनी हाय का समोसा?"

सगळे हसले. मी पाहिलं. खरंच, तीन कोनांचा विस्कटलेला डाग. कपाटाचं दार डोळ्यांपुढे दिसलं.

"काका, ते मागचे स्क्रू... सरांनी हात लावू नका म्हटलं होतं. मी तेव्हा बोलले नाही."

काकांचा चेहरा उतरला. "अगं, मग ओरडायचं ना! मला यातलं काय कळतंय?"

मला काय कळतंय, असं काका म्हणाले! मी हे त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं.

"आरसा दाबला गेलाय. थोडे सैल करू. तुम्ही फिरवा, मी बघते."

"एवढा?"

"अजून. बास, बास! आता दुसरा."

रांग कुरकुरत होती. काकांची बोटं इतकी हळू चालताना मी पहिल्यांदाच पाहिली. पाऊण तास गेला. आणि मग शनी! कडी! बारीक, तिरकी, अगदी स्पष्ट.

काशीमावशी बराच वेळ डोळा लावून राहिली. "कडं हाय गो त्याला," एवढंच म्हणाली.

परतताना काकांनी पेचकस डिकीत टाकला आणि गाडी वीसच्या वर नेली नाही.

सोमवारी सरांनी नळी उलटसुलट पाहिली. कपाट उघडंच होतं. "स्क्रूंना हात लागला का?"

नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. कडी दिसली होती ना!

"हो सर," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. काकांचं, आणि माझ्या मिटलेल्या तोंडाचंही.

सरांनी उठून कपाट लावलं. दुर्बीण टेबलावरच होती.

"काकांना विचार," ते म्हणाले, "पुढच्या शनिवारी कोन गावाला यायला जमेल का."