वाणाचा कॅमेरा

ज्या जावयाचे पाय मी सकाळी ताम्हनात धुतले, त्याचं नाक मी त्याच दिवशी दुपारी फोडलं. दोन्ही गोष्टी मनापासून केल्या. पहिलीची आज लाज वाटते, दुसरीची वाटत नाही. नातेवाईक मधलं काही विचारत नाहीत, सगळे थेट नाकावरच येतात, म्हणून क्रमाने सांगते.

मी शुभदा. डोंबिवलीच्या शाळेत एकतीस वर्षं पी.टी. शिकवलं. कॉलेजात गोळाफेकीत जिल्ह्यात पहिली आले होते, त्यामुळे हात जड. वर्गातली पोरं मला पाठीमागे तोफ म्हणायची आणि ते मला माहीत होतं. मी छड्या मोडल्या आहेत, आणि पालक येऊन सांगायचे, बाई, आणखी दोन द्या. घरी एकुलती एक मैथिली, तिलाही सोडलं नाही. माझा एक नियम होता. मार बसला की लगेच रडायचं नाही, आधी आपलं काय चुकलं ते सांगायचं, मग हवं तेवढं रडायचं. पोरगी हुंदका गिळून चूक शोधत बसायची, आणि तिला ती सापडायचीच. मी त्याला वळण लावणं म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न सुश्रुतशी झालं. मुलगा ठाण्यात घोडबंदरला राहणारा, सॉफ्टवेअरमधला, बोलायला इतका गोड की माझ्या नवऱ्याने, गुरुदत्तने, पहिल्या भेटीतच होकार देऊन टाकला. सुश्रुतला व्हिडिओंचं वेड. शनिवार-रविवार कुठला तरी किल्ला, नाहीतर नदी, नाहीतर जुनं देऊळ. हा पुढे बोलत चालणार आणि मैथिली मागून किंवा पुढून शूटिंग करणार. त्याचे व्हिडिओ पाच-सहा हजार लोक बघतात. मी प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचे आणि खाली अंगठा द्यायचे. लेक कधीच दिसायची नाही, पण तिच्या हाताने काढलंय एवढं मला पुरायचं.

मग अधिक महिना आला, लग्नानंतरचा पहिलाच. आमच्याकडे अधिकात लेक-जावयाला लक्ष्मी-नारायणाचा जोडा मानतात. जेवायला बोलवायचं, पाय धुवायचे, तेहतीस अनारसे आणि दिवा द्यायचा, वर काहीतरी वाण. ते बहुतेक तांब्याचं ताट असतं, फार तर चांदीची वाटी. सुश्रुतने अगदी नम्रपणे फोनवर सुचवलं की ताटं-वाट्या नुसत्या कपाटात पडून राहतात, त्यापेक्षा एक छोटासा मिररलेस कॅमेरा दिलात तर व्हिडिओलाही होईल आणि रोजच्या फोटोंनाही. गुरुदत्त हसून म्हणाले, जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याची शांत करावीच लागते. मला ते गमतीचं वाटलं. अनारशाचं पीठ मी आठवडाभर आधीच भिजवून ठेवलं होतं.

त्या दिवशी मैथिली गळ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळून आली. घसा धरलाय म्हणाली. मी आलं-गूळ दिलं. सुश्रुतचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. त्याने वाकून आम्हाला नमस्कारही केला. जेवणं झाली आणि आम्ही चौघं त्याच्याच गाडीतून ठाण्याला, त्याने आधीच हेरून ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

दुकान हरिहरशेठचं, पण दाखवायला सुमित नावाचा एक हुशार मुलगा होता. त्याने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. मिररलेस म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला, म्हणून एवढा बारीक, असं त्याने मला समजावलं. पहिला फार गोंडस, खिशात मावणारा, पण डोळा लावून बघायची काचच नव्हती. दुसरा मध्यम, धातूचा, मुठीत बसणारा. तिसरा सगळ्यांत नवा, त्याची वायर भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला जोडलेली होती, म्हणजे काढलेला फोटो गिऱ्हाइकाला तिथे दिसावा.

सुश्रुत रंग आणि दिसणं बघत होता. प्रश्न विचारत होती मैथिली, आणि मी थक्क होऊन ऐकत होते. चालता चालता माणूस वळला आणि मागे झाडं असली, तर फोकस चेहऱ्यावरच राहतो का? रेकॉर्डिंग खरंच सुरू झालंय हे कसं कळतं? सुमित म्हणाला, स्क्रीनभोवती लाल चौकट येते. तिने ती दोनदा चालू-बंद करून बघितली. उन्हात तापून मध्येच बंद पडतो का? काढणाऱ्याचा हात थरथरला तर चित्र हलतं का? सुमितने कौतुकाने म्हटलं की मॅडमना बरंच कळतं. सुश्रुत हसला. म्हणाला, कॅमेरावुमन आहे माझी, शिकतेय हळूहळू. माझी छाती फुगली. ज्या मुलीला साधं रिमोटचं बटण सापडायचं नाही, ती एवढं विचारतेय, असं वाटलं.

सुमितने तिलाच टीव्हीसमोर उभं केलं. चेहऱ्यावर टेस्ट करू, म्हणाला, आणि सांगितलं की गळ्याशी सावली पडतेय, ओढणी जरा सैल करा. मैथिलीने ती सैल केली. कॅमेऱ्यामागचा माणूस सांगेल ते मुकाट करायचं, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की तिने विचारच केला नाही. फोटो निघाला. पापणी न् पापणी दिसते म्हणत सुमितने तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि दाखवता दाखवता डोळ्यांवरून खाली सरकला.

भिंतीवर माझ्या मुलीचा गळा दिसत होता, दरवाजाएवढा. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला कानाखाली अंगठा. वर मेकअपचा थर दिला होता, तो घामाने भेगाळला होता आणि भेगांतून निळं-हिरवं बाहेर आलं होतं. सुमितचा हात थांबला. गुरुदत्त चष्मा पुसायला लागले. सुश्रुत काउंटरच्या दुसऱ्या टोकाला हरिहरशेठकडे बॅग फुकट मिळेल का, ते विचारत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मी एकतीस वर्षं मैदानावर काढली आहेत. खेळताना लागलेलं कसं दिसतं आणि हाताने केलेलं कसं दिसतं, हे मला कोणी शिकवायला नको.

मी तिला दंडाला धरून ट्रायपॉडच्या रॅकमागे नेलं आणि विचारलं. घसरले, म्हणाली. मी म्हटलं, गळ्यावर कोणी घसरत नाही. ती मला समजावायला लागली, एखादी वस्तू का घ्यावी ते सांगावं तशी.

"आई, तो तिसरा घेऊया. त्याचा फोकस सुटत नाही. फोकस सुटला नाही तर नाही मारत तो."

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि घाईघाईने पुढे म्हणाली, "माझंच चुकतं गं. माझं लक्ष नसतं."

रडायच्या आधी तिने चूक शोधली होती. माझा नियम तिने त्याच्या घरीही पाळला होता.

मग मला तिचे सगळे प्रश्न एकेक करून समजले. झाडांवर फोकस गेला होता तो खडवलीच्या नदीत. उन्हाळ्यात खडवलीहून परत जाताना दोघं आमच्याकडे आले होते. मैथिली डोक्यापासून पायापर्यंत ओली, ओठ पांढरे. सुश्रुत हसत म्हणाला होता, शूटिंगच्या नादात पाय निसटला हिचा. मी त्याला गरम भजी वाढली होती आणि तिला वेंधळी म्हटलं होतं. रॅकमागे तिने तेही सांगितलं. व्हिडिओ बघून झाल्यावर त्याने तिचे केस धरले आणि डोकं पाण्याखाली दाबलं. वर काढून विचारलं, आता दिसतं का नीट? पुन्हा दाबलं. असं तीनदा. लाल चौकटीचं म्हणशील तर, म्हणाली, एकदा बटण दाबलंच गेलं नव्हतं. त्या वेळी ट्रायपॉडचा पाय तिच्या पाठीवर पडला होता. हात तेव्हापासूनच थरथरायला लागला.

मी काउंटरकडे चालत गेले. तिसरा कॅमेरा वायरला बांधलेला होता म्हणून दुसरा उचलला. लेन्स धरून अर्धा किलो असेल. त्याची ग्रिप फार छान आहे असं सुमितने मघाशी सांगितलं होतं, ते खोटं नव्हतं. सुश्रुत वळून म्हणाला, "आई, हा घ्यायचा म्हणता?" आणि मी खांद्यातून पूर्ण हात फिरवून त्याच्या नाकावर कॅमेरा मारला. हाड मोडल्याचा आवाज मला ओळखता येतो. तो काचेच्या कपाटावर आदळला आणि खाली बसला. सकाळी मी त्याला दिलेल्या नव्या शर्टावर रक्ताची धार लागली.

मी दुसऱ्यांदा हात उचलला. तो डोक्यात बसला असता तर मी आज हे कोठडीतून सांगत असते. पण मैथिली मध्ये आली आणि तो फटका तिच्या खांद्यावर पडला. गोळाफेक करणाऱ्या बाईच्या ताकदीने मारलेला फटका, आणि पोरीने तोंडातून आवाज काढला नाही. नुसती अंग चोरून उभी राहिली, पुढच्याची वाट बघत. माझ्या हातातून कॅमेरा खाली पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुश्रुत उठला आणि रक्त पुसायच्या आधी त्याने गळा दाखवणाऱ्या टीव्हीची वायर ओढून काढली. मैथिलीने ओढणीने त्याचं नाक दाबून धरलं. हरिहरशेठनी शटर अर्धं खाली घेतलं आणि पोलिसांना फोन केला. त्यांना नाकाशी घेणंदेणं नव्हतं, त्यांचा कॅमेरा फुटला होता.

चौकीत रुचिता भोईर नावाच्या सबइन्स्पेक्टर बाई होत्या. तोवर सुश्रुतच्या नाकात बोळे घालून झाले होते. त्याने फार सभ्यपणे सांगितलं की आईंना कॅमेऱ्याची सवय नाही, बघता बघता हातातून निसटला आणि माझ्या तोंडावर आला. तक्रार नाही, दुकानाचं नुकसान मी भरून देतो, घरगुती मामला आहे. गुरुदत्तनी माझ्यापुढे हात जोडले. म्हणाले, शुभदा, झाकली मूठ सव्वा लाखाची, जावईबापू मोठं मन दाखवताहेत.

ते मन कसलं होतं ते मला दिसत होतं. कॅमेरा निसटला असं कागदावर आलं की सगळं तिथेच मिटलं. मग तो मैथिलीला गाडीत घालून घोडबंदरच्या फ्लॅटवर नेणार, दार लावणार, आणि या नाकाची भरपाई तिच्याकडून वसूल करणार. ती जिवंत राहील की नाही, एवढाच प्रश्न होता. म्हणून मी भोईर बाईंना सांगितलं, निसटला नाही, मी मारला, माझ्यावर केस घ्या, आणि का मारला तेही लिहा.

बाई वैतागल्या. म्हणाल्या, "काकी, ज्याला लागलंय तो नाही म्हणतोय. तुम्ही स्वतःवर कशी तक्रार देणार?" मी गळ्याचं सांगितलं. त्यांनी मैथिलीकडे बघितलं. ओढणी पुन्हा घट्ट झाली होती, फक्त आता तिच्यावर त्याचं रक्त होतं. बाईंनी आवाज खाली आणून तिला विचारलं, तुम्ही तिथेच होता ना, काय झालं?

सुश्रुतने तिच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "सांग ना, मैथिली. मग निघू आपण."

ती टेबलाकडे बघत होती. माझ्या पोरीच्या घरात दोन वर्षं कोणी कोणाला मारलंच नव्हतं. ती बाथरूममध्ये घसरायची, जिन्यात पडायची, नदीत तिचा पाय निसटायचा. आता आणखी एक गोष्ट निसटली म्हणायची होती, बस. मला वाटलं, गेली माझी मुलगी. मी देवाचं नाव घेतलं नाही, त्या महिन्यात मी त्याची भरपूर सेवा केली होती आणि त्या सेवेचं फळ समोर बसलं होतं.

"निसटला नाही," मैथिली म्हणाली. "आईने मारला. मुद्दाम."

गुरुदत्तनी डोळे मिटले. सुश्रुत काहीतरी बोलायला गेला, तर बाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर जाऊन बसायला सांगितलं. तो उठेना, तेव्हा दारातला शिपाई आत आला. तो जाईपर्यंत मैथिलीने वर बघितलं नाही. मग तिने गळ्याची ओढणी सोडली, घडी करून टेबलावर ठेवली आणि कुर्त्याची बाही खांद्यापर्यंत वर केली.

"हा खांद्यावरचा आईचा," ती म्हणाली. "गळ्यावरचे त्याचे. पाठीवरचे दाखवायला आत खोली आहे का?"

भोईर बाई तिला आत घेऊन गेल्या. माझ्यावर गुन्हा दाखल झाला, त्याच्यावरही झाला. मैथिली आता माझ्या घरी आहे. तिने त्या दिवशी दिलेल्या जबाबाची प्रत मी वाचली. मारणाऱ्यांच्या नावांत माझं नाव पहिलं आहे, आणि ते बरोबरच आहे.