शेऱ्याचा रकाना

“मॅडम, ‘पुरात भिजून खराब’ एवढंच लिहायचं हाय की. तीन शब्द. त्याला काय दोन दिवस लागत्यात?”

मुख्याध्यापक बावडेकर सर ग्रंथालयाच्या दारात उभे राहून बोलत होते. आत पाऊल टाकत नव्हते. गेल्या दिवाळीपासून ते ग्रंथपाल पूर्णिमाशी असं उंबऱ्याबाहेरूनच बोलत, आणि आवाज इतका मऊ काढत, जणू आत पाळण्यात कुणी नुकतंच झोपलं आहे.

पूर्णिमासमोर टेबलावर निर्लेखनाची नोंदवही उघडी होती. शाळेच्या ग्रंथालयातून एखादं पुस्तक कायमचं काढून टाकायचं, तर या वहीत त्याची नोंद व्हावी लागते. आधी क्रमांक, मग नाव आणि शेवटच्या रकान्यात ग्रंथपालाचा शेरा. फाटलं, हरवलं, वाळवी लागली, जे खरं असेल ते. शेऱ्यापुढे सही पडली की पुस्तक रद्दीत जायला मोकळं. तीनशे बारा पुस्तकांची नावं संगणकाच्या अदिती मॅडमनी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवली होती. शेऱ्याचा रकाना तेवढा कोरा होता. सोमवारी देणगीदार पाहुणे येणार होते. या खोलीत मोठ्या पडद्याचा वर्ग होणार होता, आणि त्यासाठी खिडकीकडची तीन कपाटं आज शनिवारची सकाळची शाळा सुटायच्या आत रिकामी व्हायला हवी होती.

“सर, ही पुस्तकं भिजलेली नाहीत.”

“एकवीस सालच्या पुरात...”

“एकवीस साली पाणी आपल्या फाटकापर्यंतसुद्धा आलं नव्हतं. आणि आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत.”

पुराचं हे कोल्हापूरला एक बरं साधलं आहे. जे सापडत नाही ते पुरात गेलं. सोसायटीचं दप्तर पुरात गेलं, मंडळाचा ताशा पुरात गेला, भावकीतला नको असलेला कागद तर हमखास पुरातच गेला. पंचगंगेने नेलं त्याच्या दुप्पट लोकांनी तिच्या नावावर खपवलं, आणि ती बिचारी वाहते आहे आपली खालमानेने. पण या पुस्तकांच्या बाबतीत तसं म्हणणं म्हणजे हद्द होती. त्या पुरात चिखली गावची शंभरेक माणसं याच शाळेत राहायला आली होती. आठ दिवस वर्गावर्गात सतरंज्या पसरलेल्या. तेव्हा पूर्णिमाने हीच तीन कपाटं उघडली होती, आणि पोरं पालथी पडून हीच पुस्तकं वाचत होती. एकाचंही पान ओलं झालं नव्हतं.

हे सगळं तिने सरांना सांगितलं. सांगताना आवाज चढला. चढणारच.

बावडेकर सरांनी मान जराशी कलती केली. “मॅडम,” ते आणखी मऊ आवाजात म्हणाले, “आज गोळी घेतली न्हवं?”

झालं, विषयच संपला.

पूर्वी पूर्णिमाला राग आला की शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे, “आज ग्रंथपाल बाई तापल्यात, जरा जपून.” माणसं वचकून असायची. आता तिला राग येतच नाही, तिची फक्त गोळी चुकते. आमटीत मीठ जास्त झालंय म्हणाली तर आजार. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला आणि ती ओरडली, तरी आजार. दुःख औषधाच्या चिठ्ठीवर गेलं ते ठीक होतं, ते तिनेच तिथे नेलं होतं. पण लोकांनी तिचा रागही त्याच चिठ्ठीवर चढवून टाकला. तो राग तिचा स्वतःचा होता, चांगला धडधाकट, आणि तो असा परस्पर कुणी काढून घ्यावा याचा तिला संताप येत होता.

चूक तिचीच, तिने आजार लपवला नाही, असं सगळे म्हणत. ऑगस्टात तिला उठवेना झालं. दूध उतू जाताना ती गॅससमोर उभी राहून नुसती बघत राहायची. हात पुढे करून बटण फिरवायचं एवढंच, पण तेवढंही व्हायचं नाही. आंघोळीला म्हणून निघायची आणि टॉवेल मांडीवर घेऊन तासभर पलंगाच्या कडेला बसायची. सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, आधी ज्योतिबाला गुलाल-खोबरं उधळलं, मग पांढरा रस्सा वाट्या वाट्या पाजला. “मी सांगतो तुला,” आक्का म्हणायच्या, “पुस्तकात डोस्कं घालून घालून हे झालंय. आमच्या वेळंला न्हवतं असलं काय. म्हशीची धार काढायची असली की बरोब्बर जाग येतीया.”

शेवटी नवरा, उन्मेष, तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. दीड महिन्याची रजा लागणार होती. रजेच्या दाखल्यावर काय लिहू, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उन्मेष हळूच म्हणाला, “पाठदुखी लिहा की. न्हाय तर टायफॉईड.” त्याचा हेतू वाईट नव्हता. शाळाशाळांतून असंच चालतं. कोल्हापुरात आजवर एकाही मास्तरचं मन आजारी पडलेलं नाही, पाठी मात्र सगळ्यांच्या धरलेल्या. पण खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो आणि तो तेव्हा पूर्णिमाच्या अंगात नव्हता. “जे आहे ते लिहा,” ती म्हणाली. डॉक्टरांनी ‘नैराश्य’ असं स्वच्छ लिहिलं. दिवाळीनंतर ती कामावर रुजू झाली, तेव्हा सगळ्या शाळेचे आवाज मऊ झालेले होते.

सगळ्यात वाईट म्हणजे तिला वाचता येईना. ग्रंथपाल, आणि वाचता येईना! ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात पुसली जायची. वर्तमानपत्राचा मथळा तीन-तीनदा वाचावा लागायचा. हे डॉक्टरांना सांगताना ती रडली. त्याआधी ती रडलीसुद्धा नव्हती. डॉक्टर म्हणाले, “लहानपणी काय आवडायचं ते आठवतंय का? तिथनं सुरुवात करा. रोज एक पान. जास्त नको.”

आठवायचं काय, सगळं याच खोलीत होतं. पूर्णिमा याच शाळेत शिकली. खिडकीकडची ती तीन कपाटं म्हणजे तिची पाचवी, सहावी आणि सातवी. गुळगुळीत कागदाची, परदेशी चित्रांची पुस्तकं, जी आधी नाकाला लावायची आणि मग वाचायची. सुताराच्या पेटीतल्या अवजारांचं भांडण. समुद्राखालच्या गावात पोस्टमन झालेला खेकडा. आणि सगळ्यात लाडकं ते छत्रीचं. एका राजाची छत्री फाटते, म्हणून तो राज्यातल्या सगळ्यांच्याच छत्र्या बंद करतो. मग एका कुंभाराची पोर डोक्यावर घागर उपडी घालून भर पावसात निघते आणि दरबारात त्याला जाब विचारते. पाचवीतल्या पूर्णिमाने ते पुस्तक अकरा वेळा घरी नेलं होतं. मागे चिकटवलेल्या तारखांच्या कागदावर तिचा नंबर अकरा वेळा होता, आणि त्याखाली तेव्हाच्या ग्रंथपाल बाईंनी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आता दुसऱ्यांना मिळू दे.’

नोव्हेंबरात तिने ते कपाटातून काढलं. रोज मधल्या सुट्टीत एक पान. पहिला महिनाभर अर्धंच व्हायचं. डिसेंबरात एके दिवशी दोन पानं झाली. ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण घरी जाताना कपिलतीर्थ मंडईतून हिरव्या मिरच्या घेतल्या, ठेचा केला, आणि तो जिभेला झोंबला. किती महिन्यांनी काहीतरी चवीला लागलं होतं. उन्मेष पाणी पीत पीत हसला आणि आक्का म्हणाल्या, “आता कसं!”

आज ती एकतिसाव्या पानावर होती. पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं. ज्याला सगळे रद्दी म्हणत होते, त्याच्या आधाराने ती पान-पान वर येत होती. पण हे तिने सरांना सांगितलं नाही. सांगून काय, त्याचाही आजारच झाला असता.

सर गेले तसा शिपाई गुंडूमामा पोती घेऊन आत आला. मे महिन्यात निवृत्त व्हायचा होता. पूर्णिमा फ्रॉक घालून या शाळेत यायची तेव्हा तो नुकताच कामाला लागलेला.

“बाई, टेम्पो अकराला येतोय म्हणं.” त्याने टेबलावरच्या छत्रीच्या पुस्तकाकडे पाहिलं. रोज मधल्या सुट्टीत तो ते तिच्या हातात बघत होता. “ते एक पर्समधी घाला की. कोण बघतंय? तीनशे बारात एक कमी झालं तर काय आभाळ कोसळत न्हाय.”

खोटं कशाला बोला, पूर्णिमाचा हात पुस्तकावर गेला. पर्सची चेनही अर्धी उघडली. आणि मग तिला अशी काही चीड आली की कानशिलं तापली.

“का घालू? माझं आहे का ते? शाळेचं आहे, पोरांचं आहे. मी हे एक चोरून नेलं म्हणजे बाकीची तीनशे अकरा भिजली असं कबूल केल्यासारखंच की! नाही मामा.”

“तुमास्नी बरं वाटतंय ते वाचून, म्हणून म्हटलं.”

“माहितेय मला,” तिचा आवाज खाली आला. “तरी नको.”

तिने पेनचं टोपण काढलं. यादीतला पहिला क्रमांक बघितला, कपाटातून पुस्तक काढलं, उलटसुलट करून पाहिलं, पानं चाळली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘सुस्थितीत’. सही केली. दुसरं, सुस्थितीत. तिसऱ्याची शिवण उसवली होती, तिथे ‘बांधणी सैल, वाचनयोग्य’. लबाडी नको म्हणजे दोन्हीकडून नको. छत्तिसाव्याला खरोखरच वाळवी लागली होती, तिथे ‘वाळवी, रद्द करावे’ लिहून सही दिली. गुंडूमामा थोडा वेळ पोती धरून उभा राहिला. मग पोती खाली टाकून तो एकेक पुस्तक काढून तिच्या हातात द्यायला लागला. साडेआठला सुरू केलं आणि पावणेअकराला तीनशे बाराव्या पुस्तकावर सही झाली. मान आखडली होती, बोटं दुखत होती. दुखणं असं जागच्या जागी असलं की बरं वाटतं, हे ती विसरूनच गेली होती.

बावडेकर सर अदिती मॅडमना घेऊन आले. वहीवर नजर टाकली आणि तरातरा आत शिरले, अगदी टेबलापर्यंत.

“हे काय करून ठेवलंय? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?”

किती महिन्यांनी तिच्याशी कुणी खऱ्या आवाजात बोललं होतं! पूर्णिमाला भांडायला हुरूप आला. “एकेक पुस्तक बघून लिहिलंय सर. तुम्हीही बघा. एक तरी भिजलेलं काढून दाखवा.”

सरांनी कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. पण ते तीस वर्षं नोकरी केलेले, लगेच सावरले. आवाज पुन्हा मऊ झाला. “तुमची काय चूक न्हाय, मॅडम. तुमची तब्येतच तशी हाय. आम्हीच तुमच्यावर भार टाकायला नको होता.” असं म्हणत त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि तिच्या शेवटच्या सहीखाली उभ्या उभ्या लिहिलं, ‘ग्रंथपाल मानसिक आजारी असल्याने वरील शेरे ग्राह्य धरू नयेत. सर्व पुस्तके पुरात भिजून खराब.’ मग वही अदिती मॅडमपुढे सरकवली. “प्रभारी ग्रंथपाल म्हणून सही करा.”

अदिती मॅडमची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. त्यांनी सही केली आणि पूर्णिमाकडे न बघता निघून गेल्या. चोर तो चोर आणि वर शिरजोर म्हणतात ते काही खोटं नाही, पण शिरजोर इतक्या मायेने बोलायला लागला की त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

“गुंडू, भर पोती,” सर म्हणाले.

गुंडूमामाने पूर्णिमाकडे पाहिलं.

“भरा मामा. चार महिने राहिलेत तुमचे.”

पोती भरली गेली. परदेशी चित्रं गेली, खेकडा गेला, सुताराची अवजारं गेली. छत्रीचं पुस्तक गुंडूमामाने दोन्ही हातांनी उचललं, जरा वेळाने पोत्यात वरच्या बाजूला ठेवलं आणि तोंड बांधलं. पूर्णिमाने ते सगळं बघितलं. मान फिरवली नाही. कुंभाराची पोर राजाला काय म्हणते ते तिला पाठ होतं, पण पाठ असणं आणि आपल्या डोळ्यांनी ओळ संपवणं यात फार अंतर असतं, आणि ते अंतर तिच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा सर वही बगलेत मारून निघाले होते.

“वही ग्रंथपालाच्या ताब्यात असते, सर.”

“आँ?”

“नियम आहे. आणा इकडे.”

नियमच होता. सरांनी वही दिली. पूर्णिमा खुर्चीत बसली, वही उघडली आणि सरांच्या ओळींखाली, त्यांच्यापेक्षा मोठ्या अक्षरात, सावकाश लिहिलं:

‘मी नैराश्यावर उपचार घेत आहे, हे खरे आहे. पुस्तके सुस्थितीत होती, हेही खरे आहे.’

खाली पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली.

सरांनी वाकून वाचलं. या वेळी त्यांचा आवाज मऊ नव्हता आणि कडकही नव्हता, नुसताच घाबरलेला होता. “मॅडम, पानांवर छापील नंबर हायत, आता हे पान फाडता पण येत न्हाय. ही वही तपासणीला जाते. जिल्ह्यातनं माणसं येत्यात. सगळ्यांना कळंल की तुमचं.”

“कळू दे की,” पूर्णिमा म्हणाली.

सर गेले. खाली शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरांचा गलका जिन्यावरून उतरत गेला. शाई अजून ओली होती. ती वाळेपर्यंत पूर्णिमाने वही उघडीच ठेवली, दाराकडे फिरवून, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी.