काळ्या कडेखालचे सांधे

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर लाकडी घोडीवर एक जुनी बेस गिटार आडवी ठेवलेली. मध्यभागी मधाच्या रंगाची, कडेला काळीभोर. ना वायर, ना वाजवणारा. शेजारी शाल पांघरून बसलेल्या नादगुरूंनी डोळे मिटले आणि गिटार आपोआप घुमू लागली. लोकांनी हात जोडले.

"एका खोडातून कोरलीय, बरं का!" नादगुरू म्हणाले. "वीज पडूनही जगलेलं झाड. सांधा नाही, गोंद नाही. प्राण अजून आत आहे! छाती टेकवा, रेणू रांगेत उभे राहतील. गोळ्या-बिळ्या विसरा!"

तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईचं त्या शेवटच्या वाक्याशी वैर होतं. शेजारी बसलेला तिचा थोरला भाऊ गेले अकरा दिवस हृदयाच्या गोळ्या घेत नव्हता. समजावायला गेलं की म्हणायचा, "तुला काय कळतंय?" ताईचा धंदा वाद्यदुरुस्तीचा. आणि दादाने स्वतः तीस वर्षं गिटारींच्या कारखान्यात रंगकाम केलेलं!

ती उठून व्यासपीठावर गेली.

"या ताई, या! वायर सापडली तर मी दाढी उतरवीन," नादगुरू म्हणाले. सभागृह हसलं.

"दाढी राहू द्या. मला फक्त कड बघायचीय. दादा, जरा वर ये."

चार पायऱ्या चढून दादा कठड्याला धरून उभा राहिला. धाप लागली होती.

"कडेवरून बोट फिरव."

"कशाला?"

"फिरव तर."

बोट फिरलं, थबकलं, पुन्हा मागे गेलं. दादाचा चेहरा उतरला.

"कारखान्यात कडा काळ्या का रंगवायचास, सांग की."

"थर दिसू नयेत म्हणून," तो पुटपुटला.

पुढच्या रांगेतली मुलं टाचा उंचावून बघत होती. ताईने त्यांना जवळ बोलावलं. "बाळांनो, वही बाजूने पाहिली की पानं दिसतात ना? तशा यात फळ्या एकावर एक चिकटवल्यात. वर शोभेला पातळ पापुद्रा. वर्षं गेली की सांध्यावरचा रंग किंचित खचतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला कळतं. मोजा बरं."

"पाच सांधे!" एक मुलगी ओरडली. "म्हणजे सहा थर!"

"थरातही प्राण असतो," नादगुरूंनी सावरून घेतलं.

ताईने गिटारीच्या पाठीवर टिचक्या मारल्या. टक, टक, टक... ढप. "इथे पोकळ आहे."

"वाद्याला जखम कराल तर भोगाल!"

"स्क्रू फिरवल्याने लाकडाला काही होत नाही," दादा म्हणाला. ताईकडून पेचकस घेऊन त्याने मागची पट्टी काढली. मधले थर कोरून खोबण केलेली. आत बॅटरी आणि लाकडाला चिकटवलेली, गुरगुरणारी छोटी मोटर.

नादगुरू घाईघाईने उठले, तसं शालीतून रिमोटसारखं एक बिनतारी बटण पडलं. बाजूच्या बाईंचा पाय त्यावर पडला आणि गिटारीचा आवाज बंद. त्यांनी दचकून पुन्हा दाबलं, पुन्हा सुरू.

कुणीच हसलं नाही. त्या बाई रडवेल्या झाल्या. "पण माझ्या मुलाला बरं वाटत होतं हो..."

"मावशी, वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. त्याचं औषध थांबवलंत?"

बाईंनी मान खाली घातली.

"आजच्या आज डॉक्टरांकडे न्या त्याला," ताई म्हणाली.

दादा व्यासपीठाच्या काठावर बसला होता.

"तू कसा रे फसलास?" ताईने हळूच विचारलं.

"गोळी रोज सकाळी सांगते, तू आजारी आहेस. हा म्हणाला, तू आजारी नाहीस." तो लोकांकडे वळला. "तीस वर्षं मी सांधे झाकले, तरी इथे बोट लावून बघितलं नाही. कारण मला बघायचंच नव्हतं. आपल्याला जे ऐकायला गोड वाटतं ना, तेच आधी तपासा. हात लावा, ठोकून बघा, प्रश्न विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्याकडे..."

त्याला पुन्हा धाप लागली. ताईने त्याचा दंड धरला.

"बाकीचं डॉक्टरांसमोर. चल, ऊठ."