बिनकुलपाच्या गावातलं सील

मी सील बोलतोय. कुलूप नव्हे. कुलपाला किल्ली असते, ते दिवसातून दहा वेळा उघडतं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा लागतं. मी आयुष्यात एकदाच लागतो. त्यानंतर मला उघडायचं तर कापावंच लागतं. तेव्हा मला कुणी कुलूप म्हटलं की मला राग येतो, आणि ज्या गावात मला हा शब्द सगळ्यांत जास्त ऐकावा लागला त्या गावाचीच ही हकिकत आहे.

माझा जन्म दोन तुकड्यांत झाला. एक जाड पोलादी खिळा आणि एक पिवळी टोपी. टोपीत नखाएवढी चिप, चिपेत माझा नंबर. कंटेनरच्या दाराच्या कडीतून खिळा घालायचा, टोपी दाबायची, टक् असा आवाज आला की झालं. पुढं कुठल्याही बंदरावर यंत्र समोर धरलं की मी कोण, कुठून आलो, वाटेत मला कुणी हात लावला का, सगळं कळतं.

माझी गरज का पडली तेही सांगतो. मध्यंतरी कुठल्याशा बंदरात एका चांगल्या माणसाच्या मालात वाटेतच कुणीतरी भलतंच सामान घुसवलं. त्याचा बोभाटा झाला. तेव्हापासून प्रत्येक बंदर कंटेनरच्या प्रत्येक डब्याकडं संशयानं बघायला लागलं. जो तो डबा उघडून पाहणार, रांगा लागणार, भाजी नासणार, जहाजं ताटकळणार. शेवटी आपल्या समुद्राकाठच्या देशांची सरकारं, बंदरवाले, जहाज कंपन्या आणि माल पाठवणाऱ्यांच्या संघटना एका मोठ्या हॉटेलात जमल्या.

माझा थोरला भाऊ तिथं टेबलावर नमुना म्हणून ठेवला होता, त्याच्याकडून आम्हाला पेटीत सगळी बातमी लागली. माझा रंग कोणता असावा यावर पहिली सकाळ गेली. मासेमारीच्या होड्यांवरून ज्यांची वर्षानुवर्षं तोंडं वाकडी होती, ते दोन देशही दुपारपर्यंत एकमेकांना चटणी सरकवू लागले. ठरलं ते असं: सगळ्यांचं सील एक, यंत्र एक. माल जिथं भरला तिथंच सील लावायचं. सील शाबूत असेल तर डबा बंदरात थेट जहाजाकडं, नसेल तर तपासणीच्या रांगेत. आणि कापलेलं सील जिथून आलं तिथं परत पाठवायचं, म्हणजे त्याचा नंबर दुसरा कुणी वापरणार नाही. हे शेवटचं कलम फारशी चर्चा न होता मंजूर झालं, कारण जेवण वाढलेलं होतं.

अशा मोठमोठ्या लोकांनी एकमतानं ठरवलेला मी, नगरला धनश्री मॅडमच्या पिशवीत येऊन पडलो. जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना ही योजना समजावून देण्याचं काम धनश्रीकडं होतं. हुशार मुलगी. संगमनेरला डाळिंबवाल्यांना तिनं अर्ध्या तासात तयार केलं. श्रीगोंद्याला तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग एका सकाळी ती मला घेऊन शनिशिंगणापूरला आली.

तिथं रतनबाई होत्या. कांदा पिकवणाऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीच्या त्या अध्यक्ष. साठी ओलांडलेली, आवाज असा की शेडच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा हमाल गोणी ठेवून उभा राहतो. व्यापाऱ्याला न विकता आपला कांदा आपल्या नावानं दुबईला पाठवायचा, हे खूळ त्यांचं. घरोघर जाऊन त्यांनी लोकांना राजी केलं होतं. हा पहिला डबा. जहाज परवा सुटणार होतं. डबा तपासणीच्या रांगेत अडकला असता तर जहाज चुकलं असतं, कांद्याला डब्यातच कोंब फुटले असते, आणि पुढं रतनबाईंच्या शब्दावर गावात कुणी एक कांदाही दिला नसता. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या सकाळपासून हमालांवर दुप्पट ओरडत होत्या.

धनश्रीनं मला पिशवीतून काढलं आणि दोन्ही तुकडे उंच धरले.

"काकू, डबा भरला की हे लावायचं. एकदा लागलं की निघत नाही."

शेडमध्ये शांतता पसरली. मला वाटलं, माझा रुबाब पाहून.

"म्हंजी कुलूप," रतनबाई म्हणाल्या.

"कुलूप नाही हो, सील."

"बंद करतं ना? उघडाया येत न्हाई ना? मग कुलपाच्या वरताण झालं की त्ये. आमच्या गावात घराला दार न्हाई पोरी, न् तू दाराला ह्ये लावाया सांगतीस?"

तेव्हा कुठं मी नीट इकडंतिकडं पाहिलं. शेडला फाटक नव्हतं. कुत्री आत येऊ नयेत म्हणून एक फळी टेकवलेली होती. समोरच्या घरांना चौकटी होत्या आणि चौकटीत पडदे होते. गावाची राखण शनिदेव करतात, कडीकुलूप लावणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, हा इथला पिढ्यांचा शिरस्ता. एवढ्या देशांच्या एवढ्या अधिकाऱ्यांनी एवढा विचार केला, पण असं एखादं गाव असेल हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही.

"देव राखतोच ना," एक हमाल म्हणाला, "मग सरकार कशापायी शीण घेतंय?"

"देवाचं गावात ठीक आहे, दादा," धनश्री म्हणाली. "पुढं रस्ता आहे, समुद्र आहे. तिथं आम्हालाच बघावं लागतं."

"मग गावाभाईर लावा," रतनबाई म्हणाल्या.

"नियम आहे काकू, माल जिथं भरला तिथंच लावायचं."

ट्रेलरचा ड्रायव्हर बन्सी श्रीगोंद्याचा. एरवी उसाच्या गाड्या चालवणारा हा माणूस प्रत्येक थांब्याला चहाचीच वेळ समजायचा. तो म्हणाला, "मावशी, म्या वाटंत लावून टाकतो की गुपचूप. कोन बगतंय?" धनश्रीनं त्याच्याकडं अशी नजर टाकली की तो चाकाची हवा तपासायला गेला.

मार्ग शेवटी धनश्रीनंच काढला. पोरगी गोणीवर बसली, फोनवर नियम पुन्हा वाचला आणि उठली. "शेवटची गोणी जिथं चढते ते भरण्याचं ठिकाण. फक्त ते शेडवरून दिसलं पाहिजे. डब्यातली मागची रांग भरू नका. त्या गोण्या टेम्पोत घाला, गावाची शीव ओलांडू आणि तिथं चढवू."

सगळ्यांना एकदम पटलं. डब्याचं दार सुतळीनं बांधलं. पुढं ट्रेलर, मागं टेम्पो, त्यामागं सगळं गाव, पोरीची पाठवणी असावी तसं. धनश्री डब्यावरची नजर न काढता चालत होती, त्यामुळं ती दोनदा शेणात गेली.

शिवेवर एक बाभूळ आहे. तिच्याखाली ट्रेलर उभा राहील एवढी टणक, मोकळी जागा. पुढं दोन्हीकडं ऊस आणि मधून जेमतेम रस्ता, तिथून शेडही दिसत नाही. म्हणजे थांबायचं ते इथंच. बन्सीनं ब्रेक मारला आणि उसातून सूर्यभान बाहेर आले.

सूर्यभान शेजारच्या गावचे. त्यांचं शेत आणि रतनबाईंचं शेत बांधाला बांध लागून. बाभूळ कुणाची, म्हणजेच शीव बाभळीच्या अलीकडून जाते की पलीकडून, यावरून दोन्ही घरांचा वाद चाळीस वर्षांचा. मोजण्या झाल्या, पंच झाले, दोन्ही गावांनी आपापल्या माणसाची बाजू उचलून धरली. रतनबाईंचे यजमान गेले, पण वाद काही गेला नाही. त्या दोन देशांनी दुपारपर्यंत एकमेकांना चटणी दिली. या दोन घरांनी चाळीस वर्षांत एकमेकांना पाणीसुद्धा विचारलेलं नव्हतं.

"हितं कुलूप लावताय?" सूर्यभान डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले. त्यांना फार आनंद झालेला दिसत होता. "लावा की. पर वैनी, तुमच्या म्हनन्यापरमानं ही बाभूळ तुमची. म्हंजी ही जागा तुमच्या गावात. मग कुलूप चालतंय व्हय तुमाला?"

रतनबाई पेचात सापडल्या. बाभूळ आपली म्हणावी तर जागा गावात, आणि मी लागू शकत नाही. मी लागावं तर बाभूळ सूर्यभानांची, आणि ते साऱ्या गावासमोर तोंडानं म्हणावं लागणार.

रतनबाई झाडाजवळ गेल्या. खोडावर हात ठेवला. "मालकानी हिच्यापायी लई हेलपाटं घातलं," त्या कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाल्या. "जाताना बी म्हनले, बाभूळ सोडू नगं." मी धनश्रीच्या हातात दोन तुकडे होऊन पडलो होतो, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण नसतो तर बरं झालं असतं.

बन्सी हळूच म्हणाला, "मावशी, जहाज थांबत नसतंय."

रतनबाईंनी डब्याकडं पाहिलं. मग मागं उभ्या असलेल्या आपल्या लोकांकडं पाहिलं.

"बाभूळ भाऊजींची हाय," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "शीव तिच्या अलीकडून जाती. चढवा गोन्या."

सूर्यभान या वाक्याची चाळीस वर्षं वाट बघत होते. पण ते ऐकल्यावर पुढं काय म्हणायचं, याची तयारी त्यांनी केलेली नव्हती. मग टोपी खिशात कोंबली आणि टेम्पोतली पहिली गोणी त्यांनीच खांद्यावर घेतली. वय पाहता ती त्यांना झेपत नव्हती, पण कुणाची सांगायची छाती झाली नाही.

शेवटची गोणी चढली, दार लागलं. धनश्रीनं खिळा कडीतून घातला. "काकू, तुम्ही दाबा."

रतनबाईंनी जन्मात कधी कुलूप लावलेलं नव्हतं. दोन्ही हातांनी त्यांनी टोपी दाबली. टक्. आणि लगेच त्यांनी देवळाच्या दिशेला हात जोडले, आधीच माफी मागून ठेवलेली बरी म्हणून.

पुढचा प्रवास मोठ्या लोकांनी ठरवला होता तसाच झाला, याचं मला स्वतःला आश्चर्य वाटतं. उरणजवळच्या बंदरात यंत्रानं मला पाहिलं, फाटक वर गेलं, बाजूच्या रांगेतले डबे आमच्याकडं बघत राहिले. समुद्रात मला फार मळमळलं. परक्या बंदरात तसंच यंत्र, तसाच आवाज. मग एक माणूस लांब दांड्याची कात्री घेऊन आला. दुखलं का, असं लोक विचारतात. दुखलं. पण आत कांदा कोरडा, खणखणीत निघाला, एकालाही कोंब नाही, तेव्हा बरं वाटलं.

त्या शेवटच्या कलमाप्रमाणं माझे दोन्ही तुकडे पाकिटातून शिंगणापूरला परत आले. आता गावात नवा प्रश्न उभा राहिला. कुलूप गावात घ्यायचं कसं? रतनबाईंनी मला तळहातावर घेतलं आणि निकाल दिला, "कापलेलं हाय. ह्ये आता कशालाच आडवत न्हाई. ऱ्हाऊ द्या." आणि त्यांनी मला तारेनं त्या बाभळीच्या फांदीला टांगलं, एक तुकडा त्यांच्या शेताकडं, एक सूर्यभानांच्या.

दुसरा डबा निघाला त्या दिवशी मी वरून सगळं पाहिलं. ट्रेलर बाभळीखाली येऊन उभा राहिला. रतनबाई ठरलेलं वाक्य बोलायला तोंड उघडतात तोच सूर्यभान म्हणाले, "वैनी, पुन्हा म्हनू नका. बाभूळ तुमचीच. तुमचं मालक रोज हिच्याखाली भाकर खायचं, म्या बगितलंय."

"न्हाई भाऊजी. म्या एकदा बोलले, बोलले. तुमची."

"माझी न्हाई म्हनतो ना!"

"तुमचीच हाय!"

चाळीस वर्षांत दोघांचा आवाज इतका चढला नसेल. धनश्री गोणीवर बसली आणि तिनं कपाळाला हात लावला. "काका, ती काकूंची असेल तर जागा गावात येते. मग मला सील लावता येत नाही."

सूर्यभान विचारात पडले. त्यांनी ट्रेलरकडं पाहिलं, मग वर माझ्याकडं.

"आसं करू," ते म्हणाले. "टक् होईस्तवर माझी. टक् झालं की वैनींची."

तेव्हापासून हाच शिरस्ता आहे. सरकारी कागदावर तो कुठंच नाही, पण इकडच्या दोन्ही गावांत तो पाळला जातो. तुम्ही कधी या रस्त्यानं आलात तर बाभळीखाली क्षणभर थांबा आणि वर बघा. पिवळी टोपी उन्हानं पांढुरकी पडली आहे, खिळ्याला गंज चढला आहे. फक्त एक विनंती. माझे तुकडे उचलून एकमेकांत बसवून पाहू नका. मी उघडा आहे, म्हणूनच या गावानं मला ठेवून घेतलं आहे.