शेजारणीचा सीन

“मध्यंतरानंतर माणसं उठून चाललीत. काहीतरी कापा,” थिएटरचा मॅनेजर प्रोजेक्टरच्या केबिनच्या दारातूनच म्हणाला.

ऑपरेटरला हे सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं त्या चौकोनी झरोक्यातून तो पडद्यापेक्षा प्रेक्षकांनाच जास्त बघत आला होता. सिनेमाची कल्पना झकास होती. नायक खोटं बोलला की त्याला उचकी लागायची. साहेबासमोर उचकी, बायकोसमोर उचकी. मध्यंतरापर्यंत लोक पोट धरून हसायचे. पण मध्यंतरानंतरही तीच उचकी. लेखकाचं सांगून संपलं होतं, नायक मात्र उचक्या देत राहिला होता.

ऑपरेटरने घड्याळ लावून अकरा मिनिटांची फिल्म काढली, टोकं जोडली आणि काढलेला भाग डब्यात ठेवून दिला. बघता बघता सिनेमाने अंग धरलं. दुसऱ्या आठवड्यात हाऊसफुल्लची पाटी लागली. “सिनेमा त्यांनी काढला, पण चालवला मी,” असं तो घरी बायकोला दोनदा सांगून बसला.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारचा खेळ सुटल्यावर एक चाळिशीची बाई केबिनचा लोखंडी जिना चढून आली.

“मी कपडे शिवते. या सिनेमाचे कपडे घेऊन शूटिंगला गेले होते, तर शेजारणीचं काम करणारी आलीच नव्हती. मलाच उभं केलं. एकच सीन होता.” ती दम घ्यायला थांबली. “आज आईला दाखवायला आणलं. भाऊ, वहिनी, त्यांची मुलं, सगळे मिळून नऊ जण आहोत. माझा सीन आलाच नाही हो.”

“प्रिंटच तशी आलीय,” तो बोलून गेला.

“असेल. नसेल आवडला कुणाला.” ती वळली. “आई मघापासून विचारतेय, तू कधी येणार. तिला काय सांगावं तेच कळत नाही.”

ती तीन पायऱ्या उतरली तेव्हा त्याच्याने राहवेना.

“थांबा, बाई. मी कापलाय तो.”

“वाईट झाला होता का?”

“तुमचं काम मी बघितलंसुद्धा नाही. सिनेमा तिथे रेंगाळत होता, त्यात तुम्ही सापडलात.”

पुढच्या खेळाला अजून पाऊण तास होता. त्याने डोअरकीपरला सांगून नऊही जणांना पुन्हा आत बसवलं, डब्यातली फिल्म मशीनवर चढवली आणि दिवे मालवले. रिकाम्या थिएटरात नायक उचक्या देऊ लागला. मग साखरेची वाटी घेऊन शेजारीण आली आणि काळजीने म्हणाली, “एवढी कोण हो आठवण काढतंय तुमची?”

बाकीचे सगळे नट हसवायच्या खटपटीत होते. ही एकटीच खरोखर विचारत होती. ऑपरेटरला इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या सिनेमात हसू आलं. खाली म्हातारी तर खोकला लागेपर्यंत हसली.

“परत लावता का, दादा?” तिने मागे वळून झरोक्याकडे बघत विचारलं.

त्याने रीळ उलटं गुंडाळलं आणि परत लावलं.

त्याच संध्याकाळी त्याने ती अकरा मिनिटं जागच्या जागी जोडून टाकली. मॅनेजर आठवडाभर त्याच्याशी धड बोलला नाही. लोक त्या सीनआधीच चहाला उठू लागले आणि चौथ्या आठवड्यात सिनेमा उतरला.

आता ते थिएटर राहिलं नाही. कुठल्या सिनेमाला हाऊसफुल्लच्या किती पाट्या लागल्या, हे ऑपरेटरला नीटसं आठवत नाही. त्या दुपारचं मात्र सगळं आठवतं. दिवे लागले तशी ती बाई घाईने पुढे होऊन बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. आईला, भावाला, वहिनीला, एकेका मुलाला, घरचं कार्य पार पडल्यावर पाहुण्यांना निरोप द्यावा तसं तिने हात हातात घेऊन बाहेर सोडलं. मग मागे वळून सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून एकदा नजर फिरवली आणि दार हलकेच ओढून घेतलं.