मळी वर, गाळ खाली

मित्रांनो, मला जुनी म्हणा, काळी म्हणा, काठाला पोचे आलेली म्हणा. पण भांडं म्हणू नका. भांडी फळीवर बसतात. मी काहील आहे. उसाचा रस आटवून ज्यात गूळ करतात, ती. माझ्या पोटात चार म्हशी शेजारी शेजारी बसतील. पाचवीही बसली असती, पण तिचं शेपूट बाहेर राहिलं.

माझा जन्म कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका कारखान्यात झाला. जाड लोखंडी पत्रे रिवेट ठोकून जोडताना असा आवाज उठला, की पन्हाळ्याची माकडं गड सोडून ज्योतिबाला राहायला गेली. तिथून मी ट्रॉलीत बसून कसबा बावड्याच्या शिवारात, आण्णांच्या गुऱ्हाळावर आले. गूळ करणाऱ्याला आमच्याकडं गुळव्या म्हणतात, आणि आण्णांसारखा गुळव्या पंचक्रोशीत नव्हता.

रस उकळायला लागला की त्यातली घाण फेसाबरोबर वर येते. तिला मळी म्हणतात. ती झाऱ्यानं काढत राहायची आणि लाकडी फावड्यानं रस हलवत राहायचा, हे आण्णांचं चाळीस वर्षांचं काम. गूळ पांढरा दिसावा म्हणून लोक त्यात पावडरी घालू लागले, तेव्हा आण्णांनी बांधावर रानभेंडी लावली. तिची हिरवी ताटं ठेचून पाण्यात चोळली, की बुळबुळीत चीक सुटतो. तो रसात पडला की घाण गोळा होते आणि मळी झाडून सगळी वर येते. पावडरीची गरजच नाही. आमचा गूळ इतका चांगला, की एका वर्षी राधानगरीच्या जंगलातून वाट चुकून आलेला गवा माझा काठ चाटून गेला, आणि परत गेल्यावर आठ दिवस गवताला तोंड लावेना.

पुढं गुऱ्हाळावर माणसं मिळेनात. सगळा ऊस साखर कारखान्याला जाऊ लागला. मला शेडमागं उपडी टाकली. माझ्या पोटाखाली एक कोंबडी अंडी घालू लागली आणि मी गप्प बसून तिचं ऐकू लागले. मित्रांनो, जिनं रसाची हजारो आदणं उकळली तिला कोंबडीचं ऐकावं लागणं, ह्याला काय म्हणावं?

मग महापुराचं वर्ष आलं. पंचगंगा पात्र सोडून उसात शिरली, उसातून घरात शिरली. तेव्हा सगळ्यांना माझी आठवण झाली. पोरांनी मला पाण्यात ढकललं आणि मी होडी झाले. त्रेपन्न माणसं मी गुऱ्हाळाच्या माळावर आणून सोडली. एका खेपेत नव्हे. पण सांगताना मी कधी कधी एकाच खेपेत सांगते.

चारी बाजूंनी पाणी, आणि प्यायला थेंब नाही. माळावरच्या विहिरीचा काठ पावसानं ढासळून तिचं पाणी गढूळ झालं होतं. रस्ता बुडालेला, टँकर यायला दोन दिवस तरी लागणार होते. माणसांत गावातल्या तिखट जिभेच्या झुंबरबाई होत्या, आणि त्यांची सून वर्षाराणी, कुशीत बारा दिवसांचं बाळ घेऊन. वर्षाराणीचे ओठ सुकले होते.

झुंबरबाईंनी विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन आण्णांपुढं धरलं. "ह्ये पाजू व्हय बाळंतिणीला? चहा केल्यागत हाय की."

"भेंडी आणा," आण्णा म्हणाले.

मला सरळ करून, घासून, विहिरीचं पाणी भरलं. आण्णांनी रसाच्या हिशेबानं भेंडीच्या चिकाची अख्खी बादली ओतली आणि झारा घेऊन मळीची वाट बघत उभे राहिले. मळी येईना. त्यांनी फावड्यानं हलवलं. पुन्हा वाट बघितली. पुन्हा हलवलं. सकाळची दुपार झाली. पाणी पहिल्यापेक्षा गढूळ झालं, वर पाकासारखी तार सुटू लागली.

"आण्णा," झुंबरबाई म्हणाल्या, "गूळ व्हायला अजून किती येळ हाय?"

वर्षाराणीचं बाळ रडत होतं.

आण्णांची नात संयोगिता कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. ती मघापासून शेडच्या कट्ट्यावर पाच पेले मांडून बसली होती. प्रत्येकात तेच गढूळ पाणी, आणि चीक मात्र कमीजास्त. एकात थेंबभर, पुढच्यात चमचाभर, शेवटच्यात वाटीभर. चमचाभरवाला पेला उचलून ती आण्णांकडं आली. त्यातला गाळ तळाला बसला होता.

"आण्णा, हितं मळी वर येत न्हाय. खाली बसत्या."

"खाली? चाळीस वर्षं मी काय गोट्या खेळलो?"

"ती उकळत्या रसातली गोष्ट. ह्ये गार पाणी हाय. तुमी हलवताय म्हणून तिला बसाय गावंना झालंय. आणि भेंडी बी लई झाल्या."

आण्णांनी पेल्याकडं बघितलं, मग बाळाकडं. "वता सगळं," ते म्हणाले. "नव्यानं भरा."

ह्या वेळी चीक संयोगितानं मापून घातला. आण्णांनी फावडं एकदा जोरात फिरवलं, मग हळूहळू, मग बाहेर काढलं. पण गुळव्याचा हात काहिलीजवळ गप्प राहतो होय? दोनदा तो फावड्याकडं गेला. शेवटी आण्णांनी फावडं जमिनीवर ठेवलं आणि त्याच्यावर बसले. तास दीड तास हलले नाहीत.

माझ्या उतरत्या कडेला रिवेटांच्या ओळी आहेत. पाणी निवळत गेलं तशी पहिली दिसली, दुसरी दिसली. तिसरी दिसली तेव्हा झुंबरबाई वाकून बघत होत्या, आणि त्या काहीही बोलल्या नाहीत. त्यांच्या तोंडून एवढी स्तुती कोणालाच मिळालेली नाही.

वरचं निवळ पाणी अलगद काढून, फडक्यानं गाळून, पातेल्यांत भरलं. चुलवाणात, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीत, शेडमधली उसाची सुकी चिपाडं पेटवली. तरी संयोगिता कोणाला तांब्या लावू देईना. "दिसाय साफ हाय म्हणून जंतू मेलं न्हाईत. खळखळून उकळू द्या." उकळून निवल्यावर पहिला पेला वर्षाराणीला दिला.

"भेंडीचा वास येतोय," ती म्हणाली.

"मग काय केवड्याचा यायला पायजे?" झुंबरबाई म्हणाल्या आणि त्यांनीच दुसरा पेला भरून दिला.

दोन दिवस त्रेपन्न माणसं माझं पाणी प्याली. तिसऱ्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हर चिखलानं माखला होता. आण्णा म्हणाले, "बसा पावणं, दमला असाल. आदी पाणी पिऊन घ्या." त्यानं माझं दोन तांबे पाणी पिऊन मगच टँकरचा नळ सोडला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

आता दर उन्हाळ्याच्या शेवटी आण्णा मला घासून सरळ ठेवतात. बांधावर भेंडी असते, आणि शेडच्या भिंतीवर संयोगितानं खडूनं माप लिहिलं आहे. आण्णा ते रोज वाचतात आणि स्वतःचंच माप असल्यासारखं सांगतात. सांगू देत.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी काहील उपडी पडली असेल. भंगारात घालायच्या आधी तिला सरळ करा, घासा, पाणी भरून बघा. जुन्या माणसाची कला चुकली वाटली, तर ती टाकून देऊ नका, माप बदलून बघा. आणि मग, कृपा करून, थोडा वेळ हात लावू नका.