ताईच्या मापाने

"आई, मी ताईची कॉपी आहे का गं?"

आईच्या ओठांत सहा टाचण्या होत्या, म्हणून उत्तर लगेच आलं नाही. भोंग्याने ते गृहीतच धरलं होतं. आई एकेक टाचणी काढणार, डबीत टाकणार, "काहीतरीच बाई तुझं" म्हणणार, की पैज जिंकून आपण धूम खाली. खाली रस्त्याच्या कोपऱ्यावर तिच्या मैत्रिणी, लंबू आणि वकिलीण, सायकली भिंतीला टेकवून निकालाची वाट बघत उभ्याच होत्या.

आईने एकेक टाचणी काढली. सहाही डबीत टाकून झाल्या. पण ती बोलली नाही. शिलाई मशीनच्या चाकावर तळवा दाबून बसून राहिली. हात काढला तर चाक आपणहून फिरायला लागेल, अशी भीती वाटल्यासारखी.

भोंगा हे अर्थातच मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. गेल्या वर्षापर्यंत या मुलीला हजेरीला "हजर" म्हणतानाही घाम फुटायचा. मग कोणीतरी आजारी पडलं म्हणून बाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेला ढकललं आणि ती चक्क पहिली आली. तेव्हापासून तिच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो सुटलाच. आता पुढच्या गुरुवारी शेजारच्या शहरात अंतिम फेरी होती आणि भोंगा आरशासमोर, बाथरूममध्ये, जिन्यात, जिथे मिळेल तिथे भाषण ठोकत होती.

घरी मात्र ती छोटी. कारण एक मोठी होती. मोठी, म्हणजे ताई, छोटीच्या जन्माच्या दोन वर्षं आधी गेली. पंधरा वर्षांची असताना, सायकलवरून जाताना, ट्रकखाली. छोटीला ताईबद्दल ठाऊक होतं ते एवढंच, आणि भिंतीवरचा फोटो.

पैजेचं मूळ सकाळच्या सिनेमात होतं. इतिहासाच्या सरांनी शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावून एक जुना थरारपट दाखवला होता. युद्ध हरल्यावर नावं बदलून दूर देशात लपलेले नाझी, त्यांच्या मागावर सारं आयुष्य घालवलेला एक हट्टी म्हातारा, आणि त्या म्हाताऱ्याला वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या घरांत भेटत जाणारा एकच मुलगा! तेच डोळे, तोच उर्मटपणा. लपलेल्या एका डॉक्टरने हुकूमशहाच्या पेशींपासून त्याच्या नकला तयार केल्या होत्या. हॉलमध्ये किंचाळ्या. लंबूने तर भोंग्याचा दंड असा आवळला की वळ उठला.

दिवे लागल्यावर सर म्हणाले, "यातली खरी मेख कळली का? नुसत्या पेशींनी तोच माणूस तयार होत नाही, हे त्या डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने घरंही तशीच शोधली. तसेच आईबाप आणि त्या त्या वयात तसेच प्रसंग."

"हात्तिच्या!" सायकल स्टँडवर आल्या आल्या भोंगा म्हणाली. "यासाठी सिनेमा कशाला? आमच्या घरी या, फुकट दाखवते. ताई सातव्या वर्षी व्हायोलिन शिकली, मी सातव्या वर्षी व्हायोलिन. ती नवव्या वर्षी पोहायला, मी नवव्या वर्षी पोहायला. अकराव्या वर्षी केस कापले, माझेही कचाकच. अल्बममधले फोटो शेजारी ठेवले ना, तर आजीलासुद्धा सांगता येत नाही कुठली कोण."

ती हसत होती. लंबू हसली नाही. वकिलिणीने, जिला कशावरही वाद घालता यायचा, चष्मा वर सरकवला. "अशीलबाई, केस पक्की आहे तुमची. आता घरी जाऊन विचारायचं. सरळ. हिंमत आहे?"

"माझी हिंमत काढतेस?"

"नाही विचारलंस तर पहिल्या नंबरची फुशारकी आजपासून बंद."

तर असं ते झालं होतं. आणि आता आई गप्प होती.

गप्प बसलेल्या आईसमोर दुसरी एखादी गप्प बसली असती. भोंगा घाबरली की तिचं तोंड जास्तच सुटायचं. तिने आख्खा सिनेमा सांगायला घेतला. डॉक्टर, म्हातारा, कुत्रे, सगळं. तेवढ्यात बाबा आले. बसडेपोत इंजिनं दुरुस्त करणाऱ्या बाबांचे हात कोपरापर्यंत काळे असायचे. ते थेट मोरीकडे गेले आणि साबणाची पावडर चोळत विचारू लागले, "कसला एवढा गोंगाट?"

"बाबा, मी ताईची नक्कल आहे असं सिद्ध झालंय! पण तुम्ही घाबरू नका. सिनेमात त्या मुलांच्या बापाला ठरल्या वेळी मारावं लागतं, कारण मूळ मुलाचा बाप तेव्हा मेला होता. ताईचे बाबा काही मेले नव्हते. तुम्ही सुटलात!"

बाबा हसले. "वाचलो म्हणायचं."

"आता फक्त पुढे काय ते बघायचं. ताईने पंधराव्या वर्षी काय काय..." फोटोखाली दोन तारखा होत्या. भोंगा हिशेबात चटपटीत होती आणि ते दाखवायची तिला भारी हौस. तिने बोटांवर मोजलं. "पंधरा वर्षं, चार महिने, नऊ दिवस. म्हणजे मला तेवढी वर्षं होणार... पुढच्या गुरुवारी! अय्या, त्याच दिवशी माझी फायनल..."

वाक्य तिथेच राहिलं. मोरीतला नळ बंद झाला. आईने बाबांकडे पाहिलं, बाबांनी टॉवेलकडे.

"तू फायनलला जात नाहीयेस," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दूध आणलं नाही असं सांगतानासारखा. "काल शाळेत जाऊन बाईंना सांगून आलेय मी. नाव काढलंय तुझं."

"काय?"

"त्या दिवशी तू घरी राहायचंस."

"आई, वेड लागलंय का तुला? माझं नाव? मला न विचारता? बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

बाबांनी एकेक बोट पुसलं. "मी म्हटलं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, छोटे."

खालून लंबूची शिटी आली. भोंग्याने खिडकीतून हाताने "जा" केलं आणि खिडकी आपटून लावून घेतली. पैज, सिनेमा, सगळं डोक्यातून गेलं होतं. कानशिलं तापली होती. "मग हे काय शिवते आहेस? स्टेजवर घालायला म्हणून सांगितलंस ना मला? निळ्या कोटाच्या कापडासाठी तीन दुकानं पालथी घातली आपण!"

"घरात घाल," आई म्हणाली.

भोंग्याने मशीनवरचा कोट खेचला, तसा त्याखालचा, कोटाच्या पाठीच्या मापाने कापलेला खाकी कागद खाली घसरला. आई कापड बेतायच्या आधी असे कागद कापते, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. भोंग्याने तो उचलला. कडेला पेन्सिलीने लिहिलं होतं, "मोठी, १५." कागद जुना होता. घडीवर तुटत आलेला.

मशीनचा खालचा खण उघडाच होता. आत पाकिटं. "मोठी, ६." "मोठी, ९." "मोठी, ११." एकावर एक, नीट.

भोंग्याने सगळी पाकिटं बाहेर काढली. शोधत राहिली. मग खणात हात घालून तळ चाचपला.

"माझी कुठायत?"

आई पाकिटं गोळा करायला लागली.

"आई, माझे कागद कुठायत?"

आणि मग तिला आठवायला लागलं. दर वाढदिवसाचा फ्रॉक काखेत काचायचा. हात वर केला की खांद्याची शिवण करकरायची. "तुझं अंगच आडवं वाढतंय गं," असं आई म्हणायची आणि भोंगा ते खरं मानायची. आठवीपासून ती खांदे आत ओढून चालत होती. बाईंनी स्टेजवर "खांदे सरळ कर" म्हणून किती वेळा ओरडावं! तिला वाटायचं आपलंच शरीर वेडंवाकडं आहे. आठवड्याला चाळीस बायकांची मापं घेणाऱ्या, रस्त्यावर चालणाऱ्या बाईचा नुसता खांदा बघून इंच सांगणाऱ्या आईने आपलं माप एकदाही घेतलेलं नाही, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आईच्या गळ्यात टेप होती. भोंग्याने ती ओढून आईच्या हातात दिली आणि पाठ करून उभी राहिली.

"घे माप."

"छोटे, राहू दे..."

"घे म्हणते ना!"

मग टेपचं पत्र्याचं टोक मानेच्या खाली टेकलं, थंडगार. आईचा हात या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"किती?"

"साडेपंधरा." आईचा श्वास मानेवर लागत होता. "तिचा चौदा होता." मग पुन्हा, जणू दुसऱ्याच कोणाला सांगावं तसं, "तिचा चौदा होता."

भोंगा वळली. आई जमिनीवर बसली होती. कापडाच्या चिंध्यांत. बाबा पुढे आले तर तिने हातानेच त्यांना थांबवलं.

"त्याही गुरुवारी एका बाईचा कोट नेऊन द्यायचा होता," आई म्हणाली. "तिला संध्याकाळच्या गाडीने परगावी जायचं होतं. ताई म्हणाली, आई, उद्या पेपर आहे, मला अभ्यास करू दे. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम, नखरे करू नकोस. नखरे म्हटलं मी तिला. तिने पुस्तक मिटलं. चप्पल घातली आणि गेली."

भोंग्याने मघाशी खेचलेला कोट परत मशीनवर ठेवला.

"तुला वाटतं मी तुझी ताई केली. नाही गं. ती परत येत नाही एवढं कळतं मला. मला तो गुरुवार परत हवा होता." आईने टेप बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "वाटायचं, सगळं तसंच केलं, एकही टाका इकडचा तिकडे होऊ दिला नाही, की तो दिवस पुन्हा येईल. तसाच. आणि त्या वेळी मी दाराला कडी घालीन. म्हणेन, बस बाळा अभ्यासाला, कोट गेला खड्ड्यात. तू टेबलाशी बसशील. पाच वाजतील. सहा वाजतील."

"मग?"

"मग काय?"

"सहा वाजल्यावर. संध्याकाळ झाल्यावर." भोंगा आईसमोर खाली बसली. तिचा राग अजून गेला नव्हता, पण त्याला धरून ठेवायला काही सापडत नव्हतं. "शुक्रवारी काय करणार होतीस, आई?"

आईने तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं. सतरा वर्षांत या बाईने शुक्रवारचा विचारच केलेला नव्हता, हे इतकं लख्ख दिसलं की भोंग्याला स्वतःचीच नजर वळवावीशी वाटली. गुरुवारी आपण दाराआड सुखरूप बसलो असतो. शुक्रवारी सकाळी आई उठली असती, आपल्याला टेबलाशी पाहिलं असतं, आणि तेव्हा तिला कळलं असतं की जिला वाचवायचं होतं ती ही नव्हे.

"ती वाचली नसती गं," भोंगा हळूच म्हणाली. "मीच वाचले असते."

आईच्या घशातून एक आवाज आला. रडणं नव्हतं ते. जुन्या कापडाला टर्रकन फाडल्यावर येतो तसा. बाबा तिथेच, मोरीच्या उंबऱ्यावर बसले, ओल्या पायांनी. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला तो काढलाच नाही.

भोंग्याला आईला मिठी मारावीशी वाटत होती आणि तिला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. तिने दोन्ही केलं नाही. भिंतीवरच्या फोटोतल्या मुलीकडे पाहिलं. पंधरा वर्षांची, चौदा इंच खांद्यांची, दुसऱ्या दिवशी पेपर असलेली. आयुष्यभर भोंग्याला तिचा थोडा राग यायचा. आता वाटलं, बिचारीसाठी कुणी रडलंसुद्धा नाही. तिच्या जागी दुसरी उभी करायला लगेच फ्रॉक शिवायला घेतले.

ती उठून उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी नाकावरून खाली येत होतं आणि आवाज फाटका निघाला, तरी तो निघाला.

"आई, बाबा, ऐका. सोमवारी मी बाईंकडे जाऊन नाव परत घालणार आहे. गुरुवारी मी फायनलला जाणार. तुम्हाला यायचं असेल तर या. नसेल जमत तर दाराशी बसून राहा, मी समजून घेईन, पण मी जाणार. आणि शुक्रवारी मी शाळेला दांडी मारणार आहे. बाबा, तुम्हीही डेपोत कळवून टाका. शुक्रवारी आपण तिघं घरी बसायचं आणि ताईसाठी रडायचं."